इरकलीचा रंग धोतरावर उतरला, काय करू? (आणि थोडं घरचं, गच्चीचं)

दोराबाई · ६ जानेवारी, सकाळी ६.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचत असते. आज लिहायला बसले, कारण रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

मी सोलापूरची. गोधड्या शिवते, हातानं. सासूबाईंच्या हाताखाली शिकले. त्यांचं वय आता ८४. सुई धरवत नाही, पण शेजारी बसून चुका काढतात. "टाका लांबला" एवढंच म्हणतात आणि बरोबरच म्हणतात. आमचे हे यंत्रमागावर होते. त्या खडखडाटात कान गेले, त्यामुळं आमच्या घरात साधी चहाची विचारपूसही भांडण असल्यासारखी ऐकू येते.

तर झालं असं. पुण्याच्या एका बाईंनी त्यांच्या आईच्या साड्या आणि वडिलांचं धोतर पाठवलं. दोघंही आता नाहीत. बाईंची लेक बाळंतपणाला माहेरी येणार, तिच्यासाठी मोठी गोधडी हवी, आई आणि बाळ दोघं मावतील अशी. तीन सुती नऊवार्‍या आत थराला घातल्या. वरच्या अंगाला हिरवट काळी इरकल. तिचा लालभडक पदर बाईंना मधोमध हवा होता. खाली अस्तराला धोतर. पाच बाय सात फूट, अठरा दिवस लागले.

शेवटचा कोपरा शिवायच्या आधी मी गोधडी एकदा पाण्यातून काढते. काल संध्याकाळी काढली, दांडीवर दुहेरी टाकली आणि आमटीला फोडणी द्यायला खाली आले. अर्ध्या तासानं वर गेले तर धोतरावर हातभर लांब लाल ओघळ. पदराचा रंग सुटलेला.

पदराचं टोक ओलं करून पांढर्‍या चिंधीवर दाबून बघायचं, हे मी शिकायला येणार्‍या पोरींना पहिल्या दिवशी सांगते. आणि स्वतः केलं नाही. तीस वर्षांची साडी, आता कसला रंग जातोय, असं वाटलं.

सध्या गोधडी टबात बुडवून ठेवलीय. शेजारच्या अक्का म्हणतात मीठ टाक. जाऊबाई म्हणतात व्हिनेगर. पोरगा फोनवरून म्हणतो ब्लीच. मी अजून कशालाच हात लावलेला नाही. कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

---

पेठेतला_पाहुणा · ६ जानेवारी, सकाळी ७.१५

मीठ. जाडं मीठ मूठभर, रात्रभर. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात.

---

गच्चीवाला · ६ जानेवारी, सकाळी ७.३२

रंगातलं काही कळत नाही, पण वाचून जीव हळहळला. फोटो टाका की.

---

शिकागोची_सून · ६ जानेवारी, सकाळी ८.०५

दोराबाई, आधी एक: वाळू देऊ नका. ओली आहे तोवर आशा आहे.

मी इथे क्विल्ट करते. आमच्या गटात हा प्रकार वर्षातून दोनदा तरी होतो, लाल आणि पांढरं शेजारी आलं की हमखास. रंग शोषून घेणारे कागद मिळतात, ते धुताना पाण्यात टाकतो. नसतील तर जुन्या पांढर्‍या सुती चिंध्या टाका, थोडा रंग त्या पितात. पण खरं औषध म्हणजे भरपूर पाणी. गोधडी सैल तरंगली पाहिजे इतकं.

---

खवट_काका · ६ जानेवारी, सकाळी ८.४०

सोलापुरात राहून गोधडी कशाला हवी म्हणतो मी? चादरींचं गाव ते.

---

दोराबाई · ६ जानेवारी, सकाळी ९.१०

काका, चादर विकत मिळते. कुणाची आई विकत मिळत नाही.

(रागावू नका. घरात सोलापुरी चादरी आठ आहेत, मोरवाली तर लग्नातली. पण बाळाला ती टोचते.)

शिकागोच्या सूनबाई, भरपूर पाणी म्हणालात तिथंच घोडं अडलं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. कालच येऊन गेलं. आता येईल गुरुवारी नाहीतर शुक्रवारी. पिंपात आहे ते स्वयंपाकाचं आणि झाडांचं.

---

रंगारी_निवृत्त · ६ जानेवारी, दुपारी १.२०

ताई, मी सोलापूरचाच. पूर्वभागात सुताच्या डाईंगमध्ये बत्तीस वर्षं काढली. हातांचा रंग अजून पूर्ण गेलेला नाही. नीट सांगतो, लांबेल.

मीठ घालू नका. सूत रंगवताना आम्ही मीठ घालतो ते रंग सुताकडं ढकलायला. एकदा रंगून झालेल्या कापडाला मीठ लावून रंग पक्का होत नाही. उलट आत्ता पाण्यात सुटलेला रंग तुमच्या धोतराकडंच जाईल. व्हिनेगर रेशमाच्या काही रंगांना चालतं, सुतावर त्याचा उपयोग नाही. ब्लीच तर अजिबात नको, रेशीम पिवळं पडून विरतं. डाईंगमध्ये रंग काढायला 'हायड्रो' वापरतात. तेही कुणी सुचवलं तर ऐकू नका, डागाबरोबर इरकलीचाही रंग उतरवील.

आता रंग का गेला. इरकलीचा पदर अंगाबरोबर विणलेला नसतो. पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा, तो अंगाच्या सुती ताण्याला एकेक फास घालून जोडतात. म्हणजे पदराचं सूत वेगळं रंगवलेलं, बहुधा रेशीम नाहीतर आर्ट सिल्क, म्हणजे नकली रेशीम. रंगवून झाल्यावर सूत साबणाच्या पाण्यात नीट खळबळून ज्यादाचा रंग काढायचा असतो. त्याला आम्ही सोपिंग म्हणतो. घाईत तेच राहतं. मग सुताला न चिकटलेला रंग वरच बसून राहतो, पहिल्या मोठ्या भिजवणीची वाट बघत. माझा अंदाज, ही साडी त्या माउलीनं सणालाच नेसली आणि फारशी धुतलीच नाही.

उपाय: कोमट पाणी (कढत नको, रेशीम आहे), पातळ साबण, आणि पाणी, पाणी, पाणी. रंग कापडातून निघून पाण्यात तरंगत राहिला पाहिजे, परत बसायला त्याला जागा मिळाली नाही पाहिजे. पाणी लाल झालं की बदला. ग्लासात घेऊन पांढर्‍या भिंतीसमोर धरा, रंग दिसेनासा झाला की थांबा. गुरुवारपर्यंत टबातलं पाणी दिवसातून एकदा तरी बदला, नाहीतर ओघळ पसरेल आणि वासही मारेल. पाणी काढताना गोधडी पिळू नका, टब कलता करून ओता.

---

पेठेतला_पाहुणा · ६ जानेवारी, दुपारी २.००

मिठाबद्दल मी जरा असहमत. आमच्या आजीने

(अर्धवट पोस्ट झाले. असू दे. रंगारीबुवा, मान्य.)

---

कौदीकर · ६ जानेवारी, रात्री ९.४५

दोराबाई, मी विजापूरकडची, लग्न होऊन लातूरला. आमच्यात गोधडीला कौदी म्हणतात. माझी अज्जी कौदी बाहेरच्या कडेपासून आत शिवत यायची, चौकोनात चौकोन, आणि मध्यभागी पोचली की गप्प बसायची थोडा वेळ. तुमच्याकडं पण कडेकडूनच का? आणि तो शेवटचा कोपरा उघडा का ठेवता, ते सांगाल?

---

दोराबाई · ७ जानेवारी, दुपारी ३.३०

रंगारीदादा, तुमच्या पाया पडले पाहिजे. माझ्या हातून मीठ पडता पडता राहिलं. साडीचा अंदाजही खरा. बाईंना फोन केला (डागाचं अजून सांगितलं नाही, भित्री आहे मी), सहज विचारलं. म्हणाल्या, आईची ती साडी महालक्ष्म्यांना आणि लग्नकार्यालाच निघायची. नेसायची कमी, घडी मोडायची जास्त.

कौदीकरताई, हो, आम्ही पण कडेकडूनच. जमीन सारवल्यासारखी स्वच्छ पुसायची, अस्तर पसरायचं, चार कोपर्‍यांवर वजन. एका कोपर्‍याला पाटा, एकाला वरवंटा, उरलेल्या दोन्हींना यांच्या मागाची जुनी लोखंडी वजनं. त्यावर थर, मग वरचं अंग. एकही चुणी राहता कामा नये. मग मोठे मोठे कच्चे टाके टाचून घ्यायचे आणि कडेनं धावदोरा सुरू. पक्का झाला की कच्चे उसवायचे. आमच्या अक्का तेलुगू, त्या ह्याला बोंत म्हणतात. त्या बोंत म्हणतात, तुम्ही कौदी, मी गोधडी, आणि माहेरी मंगळवेढ्याकडं आम्ही वाकळ म्हणायचो.

उघड्या कोपर्‍याचं असं. सासूबाईंचं म्हणणं, गोधडी उपाशी द्यायची नाही. शेवटच्या कोपर्‍यात चार दाणे घालायचे आणि मग तो बंद करायचा. बहुतेक वेळा ज्वारीचे, आमचीच मालदांडी.

सुया ओवायचं काम नातीचं. मला आता नाकं दिसत नाहीत. ती शाळेला जायच्या आधी सात सुया ओवून उशीत ओळीनं उभ्या खोचून जाते. परवा म्हणाली, "आज्जी, बघ, नंदीध्वज उभे केले." जत्रेतल्या उंच काठ्याही सातच आहेत ना. गड्ड्याचे, म्हणजे आमच्या सिद्धरामेश्वराच्या जत्रेचे, दिवस जवळ आले की पोरांच्या डोक्यात तेच.

---

खवट_काका · ७ जानेवारी, दुपारी ४.००

दाण्यांना उंदीर नाही लागत?

---

दोराबाई · ७ जानेवारी, दुपारी ४.१२

तीस वर्षांत एकदाच. आणि ती गोधडी माझ्या नणंदेची होती, तिच्या घरात उंदीर आधीपासून होते.

---

कौदीकर · ७ जानेवारी, दुपारी ४.५०

अय्यो, अगदी हेच! आमची अज्जी होळगीचा, म्हणजे पुरणपोळीचा, तुकडा घालायची. सुकलेला, नखाएवढा. म्हणायची पोट भरून पाठवावं. मला वाटायचं आमच्या घरचंच खूळ आहे.

---

गच्चीवाला · ७ जानेवारी, संध्याकाळी ६.२०

अवांतर: दोराबाई, "पिंपात झाडांचं पाणी" म्हणालात. पाच दिवसांनी पाणी आणि तरी बाग? मी पुण्यात रोज पाणी असून गुलाब मारतो. सांगा की काहीतरी.

---

दोराबाई · ८ जानेवारी, सकाळी ७.०५

बाग म्हणजे काय हो, गच्चीवर तेलाचे पंधरा किलोचे डबे, रंगाच्या बादल्या आणि सिमेंटची पोती. पण आता थंडीत बघण्यासारखी असते. घेवडा लोखंडी जाळीवर चढलाय, वांगी धरलीत, शेवंती पिवळी झालीय. तुळस, कढीपत्ता, दोन मोगरे (हे उन्हाळ्यातच जागे होतात), आणि एका पोत्यात हरभरा, नातीच्या हौसेचा. भोगीची भाजी यंदा निम्मी तरी घरची होणार. गाजरं आणि बोरं तेवढी बाजारातून.

पाण्याचं गुपित गोधडीतच आहे. उरलेला सुती दोरा चार-पाच पदरी वळायचा, एक टोक पाण्याच्या बाटलीत, दुसरं कुंडीच्या मातीत बोटभर खोल. वातीसारखं पाणी चढतं आणि झिरपत राहतं. पाच दिवस निघतात. उन्हाळ्यात तीनच. मातीवर सुती चिंध्यांचं आच्छादन टाकते, ऊन थेट लागत नाही. वर्षभरात त्या कुजून माती होतात. एकदा चुकून पॉलिस्टरचा तुकडा गेला. तीन वर्षांनी डबा उपसला तर तो तसाच, वर चकाकत. तेव्हापासून कुंडीत जाईल ती चिंधी आधी जाळून बघते. सुताची राख होते, पॉलिस्टरची गोळी.

घेवड्यावर मावा पडलाय ह्या आठवड्यात. लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी फवारते. सकाळी फवारलं तर पानं भाजतात, अनुभव आहे.

एप्रिलमध्ये हितं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सगळी जुनी पातळं बागेवर मांडवासारखी बांधते. मग तीच पातळं दिवाळीनंतर गोधडीत. शेजारचे हसतात, म्हणतात, तुमच्याकडं साडी मरतच नाही.

---

गच्चीवाला · ८ जानेवारी, सकाळी ७.४०

वातीची आयडिया आजच करतो. धन्यवाद!

---

पेठेतला_पाहुणा · ८ जानेवारी, सकाळी ११.००

एक व्यावहारिक मुद्दा. अठरा दिवसांचे किती घेता? विचारलं तर चालेल ना?

---

दोराबाई · ८ जानेवारी, दुपारी १२.२०

चालेल की. मजुरी ३२०० रुपये, दोरा माझा, कापड त्यांचं.

---

पेठेतला_पाहुणा · ८ जानेवारी, दुपारी १२.३१

रोज चार तास धरले तर ७२ तास. म्हणजे ताशी ४४ रुपये. बाई, तुम्ही स्वतःला लुटताय. इन्स्टाग्रामवर अशा गोधड्या बारा-बारा हजारांना जातात.

---

दोराबाई · ८ जानेवारी, दुपारी १.१५

तो हिशेब मी केलाय. बारा हजारांची गिर्‍हाइकं इन्स्टाग्रामवर आहेत, माझी पत्त्यावर येतात. मी दर वाढवला तेव्हा दोन महिने एकही पिशवी आली नाही. मग उतरवला. आणि गोधडी शिवताना मी भाजी पण बघते, सासूबाईंना औषध पण देते, नातीचे पाढे पण घेते. त्यातले चार तास कुठले कापून काढायचे ते मलाच कळत नाही.

पण तुमचं ऐकून ३५०० म्हणून बघते पुढच्या वेळी.

---

शिकागोची_सून · ९ जानेवारी, सकाळी ६.१०

दोराबाई, इथे आम्ही नवीन कापड विकत घेतो, त्याचे तुकडे करतो आणि परत जोडतो. वर तुकडे, मध्ये कापसाची गादी, खाली अस्तर. सुंदर होतं. पण तुमचं वाचताना माझ्या लक्षात आलं, माझ्या अकरा क्विल्टांपैकी एकाही कापडाला कुणी अंगावर घातलेलं नाही. ह्या सुट्टीत आले की माहेरच्या साड्या घेऊन जाणार. आईला आधी विचारते, नाहीतर नेसत्या साड्या द्यायची ती.

---

दोराबाई · १० जानेवारी, रात्री १०.३०

पाणी आज आलं. पहाटे पावणेपाचला. सांगते.

घरातलं सगळं रिकामं भांडं भरलं, मग दोनशे लिटरची तिन्ही पिंपं. यांनी मोठा टब गच्चीवर चढवला. ओली गोधडी काय वजनाची असते ते ज्यानं उचलली त्यालाच माहीत, आम्ही तिघं लागलो. कोमट पाणी, पातळ साबण. चोळायचं नाही म्हणून यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हळूहळू पायानं दाबली, शेतात चिखल तुडवतात तसं. नात टबाच्या कडेला ग्लास घेऊन परीक्षकासारखी. "अजून गुलाबी आहे आजोबा!" हे तिनं ओरडून सांगितलं तरच त्यांना कळणार, त्यामुळं सगळ्या गल्लीला कळलं.

सात पाणी बदलली. पहिलं काढलं ते डाळिंबाच्या रसासारखं. मी ते सवयीनं बादलीनं वांग्याकडं न्यायला लागले, तर रंगारीदादांची आठवण झाली, म्हटलं विचारलेलं नाही. मोरीत ओतलं. पाच दिवसांनी आलेलं पाणी मोरीत ओतताना पोटात तुटलं खरं.

सातवं पाणी भिंतीसमोर धरलं. स्वच्छ. मग दोन दोर्‍या शेजारी बांधून त्यावर झोळीसारखी पसरली, म्हणजे वजनानं ताणत नाही आणि पदर धोतराला टेकत नाही.

ओघळ गेला. खालच्या कडेला बोराएवढा गुलाबी ठिपका तेवढा राहिला. फोटो काढला तर दिसत नाही, पण मला दिसतो.

---

रंगारी_निवृत्त · १० जानेवारी, रात्री १०.५०

बरोबर केलंत. रंगाचं पाणी भाजीला कधीच नको. तो ठिपका सोडून द्या आता, त्याच्या मागं लागलात तर धोतर विरेल. सात पाण्यांत गेला नाही तो रंग राहायलाच आलाय.

---

कौदीकर · ११ जानेवारी, सकाळी ८.००

त्याच्यावर छोटं फूल भरा ना. किंवा खणाचं ठिगळ.

---

खवट_काका · ११ जानेवारी, सकाळी ८.३०

गिर्‍हाइकाला सांगितलं का?

---

दोराबाई · ११ जानेवारी, सकाळी ९.००

नाही. काका, तुम्ही नेमकं दुखर्‍या ठिकाणी बोट ठेवता.

---

दोराबाई · १३ जानेवारी, रात्री ११.५५

आज भोगी. सकाळी भाजी केली, घेवडा आणि वांगी आपल्या गच्चीची, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी. दुपारी अक्षतांना गेलो. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांनी शहराभोवती ६८ लिंगं स्थापली, तळं खोदवलं. एका कुंभारकन्येचं त्यांच्याशी लग्न करायचं मन होतं. ते तर योगी. म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं अशी कथा. तेच लग्न दर वर्षी तळ्याकाठी संमती कट्ट्यावर लागतं. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, धरणारी माणसं पांढर्‍या बाराबंदीत. काल ते ६८ लिंगांना तेलाभिषेकाला फिरून आले.

आज गर्दीत उभं राहायला पाय नव्हते. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, सगळं एकाच वेळी कानात. संमती वाचन सुरू झालं की सगळे गप्प, आणि 'सत्यम सत्यम' झालं की लाखभर हात एकदम वर. तांदूळ पाऊस पडल्यासारखा. यांना ऐकू येत नाही, पण समोरचे हात बघून ते बरोबर वेळेला टाकतात. दर वर्षी.

घरी येऊन पदर झटकला तर निर्‍यांत पाच दाणे अडकलेले. यंदा कोपर्‍यात ज्वारी नाही घातली. हेच घातले. सासूबाईंना विचारलं चालेल का. म्हणाल्या, "टाका बारीक घाल, नाहीतर पडतील."

आता त्या पुण्याच्या बाईंचं. परत आल्यावर, दाराशीच चपला काढता काढता, फोन लावला. म्हटलं देवाच्या दारातून आलोय, आता खोटं नको. सगळं सांगितलं. मीठ नाही घातलं, सात पाणी, बोराएवढा ठिपका, हवं तर मजुरी कमी द्या. बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं संपलं.

मग म्हणाल्या, "मावशी, दोन महिन्यांत ते बाळ त्या गोधडीवर काय काय करणारे, कल्पना आहे का? पाठवा." आणि हसत सुटल्या.

मजुरी पूर्ण दिली. शिवाय विचारलं, धोतराचा उरलेला तुकडा आहे का, लंगोट करायला. आहे की. दोन वार.

---

शिकागोची_सून · १४ जानेवारी, सकाळी ६.३०

:) :) तिळगूळ घ्या सगळे. दोराबाई, तुम्ही विशेष.

---

रंगारी_निवृत्त · १४ जानेवारी, सकाळी १०.००

मी पण काल तिथंच होतो, तळ्याच्या बाजूला. माझ्याही टोपीत दाणे सापडले. गोधडी नसल्यामुळं चिमण्यांना घातले.

एक सूचना. पुढं लाल, मरून, गर्द निळा, काळा, काहीही असो, आधी रात्रभर एकटं भिजवा. पांढर्‍या चिंधीवर अर्धा तास वजनाखाली दाबून बघा. नुसतं टोक टेकवून चालत नाही.

---

खवट_काका · १४ जानेवारी, सकाळी ११.२०

माझ्या कपाटात हिच्या चार साड्या आहेत. तीन वर्षं झाली. मी काही बोललो नव्हतो कुणाला. ३५०० का ३२००?

---

दोराबाई · १४ जानेवारी, सकाळी ११.४५

काका, ३२००. रंग कोणते ते कळवा, आणि त्यांना कुठली आवडायची तेही. ती वर घेऊ. पत्ता खासगी निरोपात पाठवते. इस्त्री करू नका, धुऊ नका, तशाच पाठवा.

---

खवट_काका · १४ जानेवारी, दुपारी १२.१०

एक जांभळी. तिच्यावर हळदीचा डाग आहे. तो काढू नका.

---

दोराबाई · १४ जानेवारी, दुपारी १२.१४

नाही काढत.

---

दोराबाई · २३ जानेवारी, रात्री ९.२०

काकांची पिशवी आज आली. चारही साड्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजत टाकल्यात, एकटं-एकटं, रंगारीदादा सांगतात तसं. जांभळीचं पाणी अजून स्वच्छ आहे. डागाची बाजू पाण्याबाहेर ठेवून काठीला टांगलीय. सकाळी चिंधी दाबून बघते.